संगणक सुरू होत नाही तेव्हा : निदानाच्या मराठीचा एक पाठ

१. विषयाची निवड

उपयोजित मराठीच्या तासाला आपण बहुधा अर्ज, इतिवृत्त, बातमी, जाहिरात आणि कार्यालयीन पत्र एवढे नमुने घेतो. हे नमुने आवश्यकच आहेत. परंतु त्यांत एका महत्त्वाच्या गद्यप्रकाराला जागा मिळत नाही. बिघडलेल्या वस्तूचे नेमके वर्णन करणे, त्यावरून कारणाचा शोध घेणे आणि तो शोध कोणत्या क्रमाने घ्यावा हे दुसऱ्याला लिहून देणे, हा तो प्रकार. प्रस्तुत लेखात त्याला ‘निदानपर गद्य’ म्हटले आहे आणि त्याचा पाठ म्हणून एकच उदाहरण घेतले आहे : सुटे भाग आणून नुकताच जुळवलेला, पण नीट सुरू न होणारा डेस्कटॉप संगणक.

हे उदाहरण घेण्याचे कारण आपल्या परिसरातच आहे. हुबळी-धारवाड हे आज तंत्रशिक्षणाचे केंद्र आहे. २०१६ पासून धारवाडला आयआयटी आहे आणि त्याआधीपासून अभियांत्रिकी व पदविका महाविद्यालये आहेत. सुटे भाग मागवून घरीच संगणक जुळवणारे विद्यार्थी आता केवळ अभियांत्रिकीचे नसतात. वाणिज्य आणि कला शाखेचेही असतात. भागांबरोबर येणारी पुस्तिका इंग्रजीत असते, दुकानातले बोलणे कानडीत किंवा हिंदीत चालते, आणि घरी आईवडिलांना खर्च समजावून सांगायचा असतो मराठीत. बिघाड सांगायची वेळ आली की मुलाजवळ तिन्ही भाषांतली नामे असतात, वाक्य मात्र पुरे होत नाही. “चालू होईना” एवढेच तो सांगतो. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही, आणि चांगला भाग बदलला जातो, वाईट तसाच राहतो. अपुऱ्या वाक्याची किंमत येथे रोख पैशात मोजावी लागते.

यंत्राविषयी मराठीत लिहिणे ही आपल्या सीमाभागाला नवी गोष्ट नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९२० मध्ये शं. वा. किर्लोस्करांनी सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक मुळात त्या कारखान्याचे मुखपत्र होते. नांगर आणि चरक ज्या भाषेत समजावून सांगता आले, तिला मदरबोर्ड जड जाण्याचे कारण नाही.

२. तक्रार आणि लक्षण

निदानाची पहिली पायरी म्हणजे तक्रारीचे लक्षणांत रूपांतर करणे. “संगणक बिघडला” ही तक्रार आहे. “बटण दाबल्यावर पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो” हे लक्षण आहे. “मदरबोर्ड उडाला” हे या दोन्हींपैकी काहीच नाही. तो निष्कर्ष आहे, आणि तो निरीक्षणाच्या वेषात आलेला आहे. ‘उडाला’, ‘गेला’, ‘जळाला’ ही आपली भूतकाळी क्रियापदे ऐकताच प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. ती उच्चारणाऱ्याने बोर्ड तपासलेला असतोच असे नाही.

नामांचाही घोळ असतो. आपल्याकडे ‘सीपीयू’ म्हणजे टेबलाखालची सबंध पेटी. पुस्तिकेतला सीपीयू म्हणजे बोर्डावर बसणारी काही सेंटिमीटरची प्रोसेसर-चकती. “सीपीयूला वीज मिळत नाही” या वाक्याचा अर्थ पहिल्या प्रकारे घेतला तर माणूस भिंतीतला सॉकेट तपासतो. दुसऱ्या प्रकारे घेतला तर तो बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली एक विशिष्ट केबल तपासतो. या लेखात पेटीला ‘कॅबिनेट’ आणि चकतीला ‘प्रोसेसर’ म्हटले आहे. विजेचेही तसेच. कानडीत करंट जातो, मराठीत लाइट जाते, आणि दोन्हीकडे वस्तू एकच असते. घरगुती बोलण्यात त्याने बिघडत नाही. निदानात मात्र ‘लाइट आहे’ याचा अर्थ भिंतीत वीज आहे, की बोर्डावरचा छोटा दिवा लागला आहे, हे स्पष्ट व्हायलाच हवे.

न सुरू होणाऱ्या संगणकाची लक्षणे ढोबळमानाने चार गटांत बसतात :

पहिला गट : बटण दाबले तरी काहीच होत नाही.
दुसरा गट : पंखे क्षणभर फिरतात आणि थांबतात, किंवा यंत्र आपोआप चालू-बंद होत राहते.
तिसरा गट : पंखे फिरत राहतात, पण पडद्यावर काही येत नाही.
चौथा गट : पडद्यावर अक्षरे येतात, पण विंडोज किंवा दुसरी प्रणाली सुरू होत नाही.

आपले यंत्र कोणत्या गटात आहे हे ठरवणे म्हणजे निम्मे काम झाले. ते का, हे कळण्यासाठी यंत्र उठते कसे ते पाहिले पाहिजे.

३. यंत्र उठण्याचा क्रम

कॅबिनेटमध्ये वीज रूपांतरित करणारा जो डबा असतो त्याला दुकानात ‘एसएमपीएस’ म्हणतात. त्याची आजची रचना इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकावर आधारलेली आहे. भिंतीतली २३० व्होल्टची वीज तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलतो. डब्याची मागची कळ चालू असेल तर संगणक बंद दिसत असतानाही बोर्डाला ५ व्होल्टची एक बारीक धार सतत मिळत असते. म्हणून आत हात घालण्यापूर्वी नुसते ‘शटडाउन’ पुरत नाही. मागची कळ बंद करून वायर काढावी लागते.

समोरचे बटण दाबले की बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडल्या जातात. बोर्ड तो इशारा ओळखतो आणि हिरव्या रंगाच्या तारेने एसएमपीएसला जागे करतो. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की एसएमपीएस करड्या तारेने ‘वीज ठीक आहे’ असा संकेत उलट पाठवतो. यात सेकंदाचा दहावा ते अर्धा भाग जातो. तोवर प्रोसेसर अडवून धरलेला असतो. संकेत मिळाल्यावर तो बोर्डावरच्या चिपमधील बायोस नावाचा कार्यक्रम चालवू लागतो. बायोस प्रथम स्वतःच्या घराची झडती घेतो : प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, आणि शेवटी प्रणाली जिच्यावर आहे ती डिस्क. या झडतीला ‘पोस्ट’ म्हणतात. तिच्यात पास झाल्यावरच विंडोजची पाळी येते.

यावरून वरील चार गट म्हणजे या प्रवासातली चार ठाणी आहेत हे ध्यानात येईल. पहिल्या गटातले यंत्र विजेपाशीच अडले आहे, चौथ्यातले प्रवासाच्या अगदी शेवटी. चौथ्या गटातल्या माणसाने एसएमपीएस बदलणे हे जवळजवळ निरर्थक आहे, कारण यंत्र ते ठाणे केव्हाच ओलांडून आले आहे.

अनेक नव्या बोर्डांवर या झडतीसाठी चार छोटे दिवे असतात आणि त्यांच्याशेजारी प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स व बूट यांची इंग्रजी नावे छापलेली असतात. झडती जिथे अडते तिथला दिवा लागून राहतो. काही बोर्डांना छोटा स्पीकर लावता येतो. तो लांब-आखूड ‘बीप’ देतो. बीपांचा अर्थ मात्र बायोस बनवणाऱ्यागणिक बदलतो. म्हणून किती लांब, किती आखूड हे मोजून लिहावे आणि अर्थ आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेतच पाहावा.

४. तपासणीचा क्रम

पहिल्या गटात, म्हणजे काहीच होत नसेल तर, भिंतीपासून आत जावे. सॉकेटला दुसरे उपकरण लावून वीज आहे हे पाहावे. एसएमपीएसच्या कळीवर उभी रेघ आणि गोल असतो. उभी रेघ म्हणजे चालू. जुन्या किंवा स्वस्त डब्यांवर ११५ आणि २३० अशी लाल सरकपट्टी असते. आपल्याकडे ती २३० वरच हवी, ११५ वर ठेवून वीज दिल्यास डबा निकामी होतो. मग बोर्डाचा २४ पिनांचा रुंद कनेक्टर कट् आवाज येईपर्यंत बसला आहे का ते पाहावे. शेवटी समोरच्या बटणाची तार योग्य पिनांवर आहे का हे पुस्तिकेतल्या आकृतीशी ताडावे. बटणाच्या दोन तारा उलटसुलट लागल्या तरी चालते. दिव्याच्या तारा उलट लागल्या तर दिवा लागत नाही, एवढाच फरक. बटणाचा संशय असेल तर तार काढून त्याच दोन पिनांना पेचकसाचे टोक क्षणभर टेकवावे. यंत्र सुरू झाले तर दोष बटणाचा किंवा त्याच्या तारेचा.

दुसऱ्या गटात बहुधा कुठेतरी शॉर्ट असते किंवा एखादी जोडणी अपुरी असते. बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळी खुंट्या बसवतात. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे खुंटी राहिली, किंवा एखादा स्क्रू खाली घरंगळला, तर एसएमपीएस स्वतःच्या रक्षणासाठी बंद पडतो. काही सेकंद चालून यंत्र बंद होत असेल तर प्रोसेसरचा कूलर पाहावा : तळाची पारदर्शक पट्टी काढायची राहिली आहे का, कूलर घट्ट बसला आहे का, पंख्याची तार लावली आहे का. प्रोसेसर फार तापला की यंत्र बंद होते.

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. डीडीआर५ रॅम असलेले यंत्र पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो. त्यात पडदा कित्येक मिनिटे काळा राहू शकतो आणि यंत्र स्वतःहून एकदोनदा पुन्हा सुरू होऊ शकते. हा रोग नव्हे. पहिल्या खेपेस निदान पंधरा मिनिटे वाट पाहावी.

तिसरा गट सर्वांत मोठा. यात प्रथम सोपे पाहावे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची केबल बोर्डाच्या मागच्या खाचेत लावलेली नाही ना? ती कार्डात हवी. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय आहे का? इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेर ‘एफ’ अक्षर आहे, त्यांत ती नसते. रायझेन ५००० मालिकेत डेस्कटॉपसाठी ती ‘जी’ अक्षराच्या प्रोसेसरांतच असते. अशा वेळी कार्डाशिवाय पडदा उजळणारच नाही.

त्यानंतर प्रोसेसरची स्वतंत्र वीज पाहावी. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात चार किंवा आठ पिनांची वेगळी केबल लागते. ती राहून गेली तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण प्रोसेसर उपाशी असतो. ग्राफिक्स कार्डाचीही आठ पिनांची केबल असते. दोन्ही सारख्या दिसतात, परंतु त्यांच्या पिनांचे आकार निराळे असतात. जी सहज बसत नाही ती जोर लावून बसवू नये.

रॅमचे उलट आहे. तिला जोर लागतो. खाच जुळवून दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबल्यावर कडी मिटते. एका बाजूला कडीच नसेल तर तिथे डोळ्यांनी पाहावे. चार खाचा आणि दोन पट्ट्या असतील तर सामान्यतः प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत त्या बसवतात. तरीही पडदा काळा असेल तर एकच पट्टी ठेवून पाहावे. मग वीज काढून, बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल काही मिनिटे बाहेर ठेवावा, म्हणजे बायोसची ठरवणी मूळपदावर येते. याच गटात आणखी एक कारण संभवते : बोर्ड आधी बाजारात आला आणि प्रोसेसर नंतर, म्हणून बोर्डावरचा जुना बायोस त्या प्रोसेसरला ओळखत नाही. बोर्ड निर्मात्याच्या सुसंगत प्रोसेसरांच्या यादीत बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. काही बोर्डांवर प्रोसेसर न उठताही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलण्याचे बटण असते.

चौथ्या गटात, “बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही” अशा अर्थाची ओळ आली, तर नव्या संगणकाच्या बाबतीत ती बहुधा शुभवार्ता असते. डिस्क कोरी आहे, विंडोज अजून घातलेच नाही. यंत्र आपली झडती पूर्ण करून उभे आहे.

दोन निषेध स्वतंत्रपणे सांगितले पाहिजेत. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार राहू शकतो. आणि एका एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या केबली दुसऱ्याला लावू नयेत. टोक बसले तरी आतल्या तारांचा क्रम निराळा असू शकतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्क जळते.

५. अनुमान, हेत्वाभास आणि उपशय

वरील क्रमाने दोष सापडला नाही तर भाग बदलून पाहण्याची वेळ येते. येथे आपल्या परंपरेतली तर्काची परिभाषा फार उपयोगी पडते. न्यायशास्त्रात कार्यकारणसंबंध ठरवण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक पाहतात : अमुक असताना तमुक असते, आणि अमुक नसताना तमुक नसते. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ च्या ग्रंथात जवळजवळ हीच कसोटी साम्य आणि भेद या नावांनी मांडली. संगणकाच्या बाबतीत तिचा अर्थ साधा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रॅमही बदलली आणि केबलही, मग यंत्र सुरू झाले, तर श्रेय कोणाचे हे कधीच कळत नाही.

याहून सूक्ष्म मुद्दा पुढचा. रॅमची पट्टी काढली, दुसरी घातली, यंत्र सुरू झाले. पहिली पट्टी वाईट, असे लगेच म्हणता येत नाही. काढघाल करताना संपर्क सुधारला, म्हणूनही यंत्र उठले असेल. पहिली पट्टी पुन्हा घालून यंत्र पुन्हा अडते का हे पाहिले, तरच अनुमान पुरे होते. बाजारात हा दुसरा अर्धा भाग बहुधा गाळला जातो, आणि चांगल्या पट्ट्या वाईट ठरतात.

हेत्वाभासांचीही ओळख येथे प्रत्यक्ष होते. “पंखा फिरतो, म्हणजे वीज ठीक आहे” हा सव्यभिचार हेतू होय. पंख्याला वीज मोठ्या कनेक्टरातून मिळते, प्रोसेसरला वेगळ्या केबलीतून; म्हणून पंखा फिरणे हे वीज ठीक असतानाही आढळते आणि नसतानाही. “भाग नवा आहे, म्हणजे चांगला आहे” हाही त्याच जातीचा. “रॅम मी नीट बसवली आहे, त्यामुळे दोष दुसरीकडे आहे” यात हेतूच असिद्ध आहे. नीट बसवली हेच अजून ठरायचे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला हेत्वाभास घोकून लक्षात राहत नाहीत. अशा उदाहरणांनी ते राहतील.

‘निदान’ हा शब्द आपण आयुर्वेदातून घेतला. पण तेथे त्याचा मुख्य अर्थ रोगाचे कारण असा आहे. रोग ओळखण्याची जी पाच साधने, म्हणजे निदानपंचक, सांगितली आहेत ती निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. रूप म्हणजे लक्षण. संप्राप्ती म्हणजे रोग कसा घडत गेला त्याचा क्रम. उपशय म्हणजे उपचार देऊन पाहणे आणि बरे वाटते की नाही यावरून रोग ओळखणे. भाग बदलून पाहणे म्हणजे उपशयच. तो पाचांपैकी एक आहे आणि रूप नीट पाहून झाल्यावरच त्याचे स्थान आहे, हे विसरल्यामुळेच खर्च वाढतो.

उपशयाची सर्वांत शिस्तबद्ध पद्धत अशी. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. त्यावर प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि वीज एवढेच ठेवावे. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही. एवढ्यावर पडदा उजळला तर एकेक भाग वाढवत जावे. ज्या भागानंतर यंत्र अडते, तो भाग किंवा त्याची जोडणी संशयित. बाहेर चालणारा बोर्ड कॅबिनेटमध्ये अडला, तर खुंट्या आणि स्क्रू पाहावेत.

६. ‘आहे’, ‘असावी’ आणि ‘असेल’

आता भाषेकडे वळू. मराठी क्रियापदाच्या रूपांतच निरीक्षण आणि अनुमान यांचा भेद करण्याची सोय आहे. “रॅम ढिली आहे” : मी पाहिले. “रॅम ढिली असावी” : लक्षणांवरून मी तसे अनुमानतो. “रॅम ढिली असेल” : एक शक्यता सांगतो. निदानाच्या नोंदीत ही तीन रूपे काटेकोरपणे वापरली, तर वाचणाऱ्याला कोणत्या वाक्यावर किती भरवसा ठेवायचा हे वेगळे सांगावे लागत नाही. धारवाडच्या विद्यार्थ्याला हे चटकन पटते, कारण कानडीतही ‘इरबेकु’ आणि ‘इरबहुदु’ यांत असाच फरक तो रोज करतो.

पण याच सोयीत एक धोका आहे. ‘-आवा, -आवी, -आवे’ हे रूप मराठीत अनुमानाचे आहे, तसेच आज्ञेचेही आहे. कानडीतला ‘बेकु’देखील ही दोन्ही कामे करतो. आता “प्रोसेसरची केबल बसलेली असावी” हे वाक्य घ्या. लिहिणाऱ्याच्या मनात ‘ती बसलेली असली पाहिजे, पाहून घ्या’ अशी सूचना असते. वाचणारा ‘ती बसलेली असणार’ असे अनुमान समजतो आणि पुढे जातो. तिसऱ्या गटातला बिघाड नेमका तिथेच असतो. म्हणून सूचनेत ‘असावी’ टाळून “केबल बसली आहे हे हात लावून पाहावे” असे क्रियेचे वाक्य लिहावे. सूचना करण्याची असते. असण्याची सूचना देता येत नाही.

‘करा’ आणि ‘करावे’ यांपैकी कोणते रूप घ्यावे? मराठी वाचकाला सूचनापर गद्याची सवय लागली ती मुख्यतः पाककृतींनी. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले आणि घराघरांत पोचले. पण पाककृतीचा क्रम सरळ असतो. निदानाचा क्रम फांद्यांचा असतो. “असे झाले तर हे करा, नाही तर ते करा” अशी वळणे प्रत्येक पायरीला येतात. तेव्हा रूप कोणतेही घ्यावे, पण एकच घ्यावे, आणि अट आधी, क्रिया नंतर असा क्रम कधी मोडू नये. निषेधाच्या बाबतीत हे अधिकच खरे. “रॅम काढा, तत्पूर्वी वायर काढलेली असावी” या वाक्यात धोक्याचा इशारा हात पोचल्यानंतर येतो. “आधी वायर काढा. मग रॅम काढा.” ही दोन वाक्ये साधी आहेत आणि सुरक्षितही.

पारिभाषिक शब्दांविषयीही थोडे सांगायला हवे. रॅम, बोर्ड, बायोस, केबल, सॉकेट ही नामे उसनी आहेत आणि ती तशीच राहू द्यावीत. दुकानात भाग मागताना, बोर्डावरची छापील अक्षरे ताडताना तीच लागतात. घडवलेला संस्कृत शब्द तिथे वाट अडवतो. उलट ‘संगणक’ हा शब्द रुळला आहे, आणि कानडीतल्या ‘गणकयंत्र’ या शब्दाशी त्याचे मूळ एक असल्यामुळे आपल्याकडे तो दुहेरी ओळखीचा आहे. खरे काम नामांचे नसून क्रियापदांचे आहे. ढिले होणे, अडणे, टेकणे, बसणे, कडी मिटणे, उठणे, तापणे, घरंगळणे ही आपली क्रियापदे इतकी नेमकी आहेत की प्रत्येकातून एक वेगळे लक्षण दिसते. ती बाजूला ठेवून “फेल झाला”, “प्रॉब्लेम आला”, “वर्क करत नाही” असे म्हटले की सगळी लक्षणे एकाच राखाडी रंगाची होतात. उसने नाम भाषेला समृद्ध करते. उसने क्रियापद पाहणाऱ्याची नजरच बोथट करते.

७. वर्गासाठी अभ्यास

एक. पुढील पाच वाक्यांपैकी निरीक्षण कोणते, अनुमान कोणते आणि निकाल कोणता ते सांगा : पडदा काळा आहे. ग्राफिक्स कार्ड गेले. रॅमजवळचा दिवा लागून राहतो. रॅम नीट बसलेली नसावी. हा बोर्डच बेकार आहे.

दोन. “काल रात्रीपासून चालू होईना, दुकानदार म्हणतो बोर्ड उडाला” ही तक्रार घेऊन, ती आणणाऱ्याला विचारायचे पाच प्रश्न लिहा. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा एखादा आकडा असे यावे.

तीन. दुकानाला किंवा हमीसाठी निर्मात्याला पाठवायचे शंभर शब्दांचे पत्र लिहा. त्यात भागांची नावे, दिसलेली लक्षणे, केलेल्या चाचण्या त्यांच्या क्रमाने, आणि प्रत्येक चाचणीचा परिणाम असावा. कारणाचा तर्क शेवटच्या एकाच वाक्यात, ‘असावे’ हे रूप वापरून लिहा.

चार. हाच अभ्यास घरातली पाण्याची मोटार किंवा न पेटणारी गॅसची शेगडी घेऊन करा. यंत्र बदलले तरी वाक्यांची ठेवण तीच राहते की नाही ते तपासा.

तिसऱ्या अभ्यासाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण हमी मिळणे किंवा नाकारली जाणे पुष्कळदा अशा पत्रावर अवलंबून असते. ज्या विद्यार्थ्याला असे पत्र लिहिता येते त्याला आपली बाजू मांडता येते : दुकानात, कार्यालयात, रुग्णालयातही. डॉक्टरांपुढे बसलेल्या आईचे दुखणे सांगताना ‘बरे नाही’ एवढ्यावर न थांबता कुठे, केव्हापासून, कशाने वाढते, कशाने कमी होते हे सांगणारा मुलगा हेच गद्य बोलत असतो. मराठीच्या वर्गाने त्याला ते शिकवले तर या गावात मराठी का शिकावी, या प्रश्नाचे एक उत्तर त्याच्या हाती राहील.